पक्ष एकाचा, प्रचार दुसऱ्याचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक लागली की मला फोन सुरू होतात. मी पुण्याच्या पेठेत बावीस वर्षं बूथचं काम केलं. आता सोडलंय, पण लोकांना वाटतं याला आतलं काहीतरी माहीत असणार. आतलं फारसं नाही, प्रश्न मात्र पाठ झालेत. "आमचे साहेब तिकडच्या माणसासाठी फिरतायत, हे चालतं का?" हाच प्रश्न वेगवेगळ्या चपला घालून येतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

आमचे आमदार दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराच्या व्यासपीठावर गेले. आमदारकी जाते का?

जाऊ शकते. सहसा जात नाही.

पक्षांतरबंदी कायदा म्हणजे राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने ते आलं. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्याचं सदस्यत्व त्यात दोन कारणांनी जातं. एक, सभागृहात पक्षादेश (व्हीप) मोडून मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली तर. दोन, स्वतःहून पक्ष सोडला तर. आता 'पक्ष सोडला' म्हणजे राजीनामा दिला, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. १९९४ साली रवी नाईक यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राजीनाम्याचा कागद नसला तरी माणसाच्या वागण्यावरून त्याने पक्ष सोडला असं धरता येतं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण शरद यादवांचं. ते जनता दल (युनायटेड)चे राज्यसभा सदस्य होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पक्षाने नको म्हटलेलं असताना ते पाटण्यात राष्ट्रीय जनता दलाच्या सभेला गेले. डिसेंबरमध्ये सभापतींनी त्यांचं सदस्यत्व रद्द केलं. प्रश्न सभागृहातल्या मतदानाचा नव्हताच, मैदानावरच्या व्यासपीठाचा होता.

मग आपल्याकडे असं रोज का होत नाही? कारण तक्रार कुणीतरी करावी लागते, आणि निकाल सभागृहाच्या अध्यक्षांनी द्यायचा असतो. साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मणिपूरच्या प्रकरणात म्हटलं. महाराष्ट्रात २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली आणि अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला, त्यातही कोणाचीच आमदारकी गेली नाही. एवढ्या वेळात निवडणूक होऊन जाते, सरकार बसतं, आणि तक्रार करणाऱ्यालाच तो आमदार परत हवासा वाटू लागतो.

मग पक्ष त्याला सरळ काढून का टाकत नाही?

काढून टाकलं तरी तो मोकळा होत नाही, म्हणून. १९९६ च्या जी. विश्वनाथन खटल्यापासून असं धरलं जातं की हकालपट्टी झालेला आमदार कायद्याच्या नजरेत मूळ पक्षाचाच राहतो आणि उठून दुसऱ्या पक्षात गेला तर आमदारकी घालवतो. पण काढणाऱ्या पक्षालाही त्याचा उपयोग उरत नाही, वर चार दिवस तो हुतात्मा म्हणून मिरवतो. त्यामुळे दोघंही वाट बघतात. पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या मालक-भाडेकरूसारखं आहे हे. हा म्हणतो काढून दाखवा, तो म्हणतो सोडून दाखवा, आणि छप्पर दोघांच्याही डोक्यावर गळत राहतं.

राज्यसभेच्या किंवा विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदारांनी दुसऱ्याला मत दिलं तर?

इथे बरेच जण चुकतात, पत्रकारसुद्धा.

राज्यसभेसाठी आमदार मत देतात ते उघड. २००३ पासून मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. पण २००६ च्या कुलदीप नय्यर खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं की विरोधी उमेदवाराला मत दिलं म्हणून दहाव्या परिशिष्टाखाली आमदारकी जात नाही. म्हणजे पक्षाला दिसतं सगळं, करता येतं ते फक्त पक्षांतर्गत.

२०२४ च्या फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशात काय झालं ते बघा. काँग्रेसच्या सहा आमदारांनी भाजपच्या हर्ष महाजन यांना मतं दिली. ३४-३४ अशी बरोबरी झाली, चिठ्ठी काढली आणि काँग्रेसचे अभिषेक मनु सिंघवी हरले. दोनच दिवसांत त्या सहा जणांची आमदारकी गेली, पण या मतासाठी नाही. अर्थसंकल्पाच्या वेळी पक्षादेश असूनही ते सभागृहात नव्हते, म्हणून. चोरी एका घरात आणि पकडले दुसऱ्या घराच्या कुंपणावर. पुढे पोटनिवडणुकीत त्यातले दोघेच परत आले.

विधान परिषदेचं मतदान मात्र गुप्त. त्यामुळे तिथे फुटलेलं मत कोणाचं, हे हिशेब मांडूनच शोधायचं. २० जून २०२२ ला दहा जागांना अकरा उमेदवार होते आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. २०२४ च्या जुलैत अकरा जागांना बारा उमेदवार, आणि शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पडले. दोन्ही वेळा "आमची मतं फुटली" हे सगळ्यांनी मान्य केलं आणि "ते मी नाही" हेही सगळ्यांनीच सांगितलं.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षादेश असतो का?

नसतो. तिथे व्हीप काढताच येत नाही. १९६९ साली काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत द्या म्हटलं, व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि त्याच वर्षी काँग्रेस फुटली. शिवसेनेने २००७ साली भाजपबरोबर रालोआत असून प्रतिभाताई पाटलांना मत दिलं, २०१२ ला प्रणव मुखर्जींना. त्याला गद्दारी कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. प्रतिभाताईंच्या वेळी मराठी माणूस हे कारण पुरलं. कारण पटण्यासारखं असलं की निष्ठेचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

नगरसेवकांना हा कायदा लागू आहे?

आहे, पण वेगळा. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६. महापालिकेत निवडून आल्यावर पक्षाचा किंवा आघाडीचा गट विभागीय आयुक्तांकडे नोंदवतात. गटनेता पक्षादेश काढतो, महापौर निवडीत हात वर करायचा तो त्याप्रमाणे. ग्रामपंचायतीत निवडणूकच पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे तिथे कायद्याने बंडखोरी असूच शकत नाही. गावात होते ती भाऊबंदकी.

'पक्षविरोधी कारवायांबद्दल सहा वर्षांसाठी निलंबन' म्हणजे नक्की किती दिवस?

पुढची निवडणूक येईपर्यंत.

गंमत सोडली तरी हे खरंच पक्षाचं घरगुती प्रकरण आहे, निवडणूक आयोगाचा त्याच्याशी संबंध नाही. निलंबित माणूस अपक्ष उभा राहू शकतो, निवडून येऊ शकतो, आणि निवडून आला की निलंबनाचं पत्र कोणाच्या कपाटात गेलं हे कोणी विचारत नाही. २०२४ च्या विधानसभेला पुण्यात कसबा, पर्वती आणि शिवाजीनगर अशा तीन जागी काँग्रेसचेच लोक आघाडीच्या उमेदवारासमोर अपक्ष उभे होते. तिन्ही जागा महायुतीने घेतल्या. बंडखोर नसते तर निकाल फिरला असता का, यावर वाद घालायला पुण्यात कट्टे कमी नाहीत. मला विचाराल तर फिरला नसता, पण उमेदवाराला निदान स्वतःच्या घरातले फोन करत बसावं लागलं नसतं.

'आतून काम करणं' म्हणजे काय? ओळखायचं कसं?

ज्याला कायदा नाही, पुरावा नाही आणि ज्यावर पुण्यातल्या निम्म्या निवडणुका फिरतात, ते हे.

लोकांची कल्पना अशी असते की आतून मदत म्हणजे रात्री गाडी येते, पेटी उतरते. तेही होत असेल, मी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय ते फार साधं असतं. न केलेलं काम.

एकदाचं सांगतो. वर्ष आणि वॉर्ड सांगत नाही, माणसं अजून आहेत. मतदानाला दोन दिवस होते. मंडळाच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण मतदारांच्या नाव-नंबराच्या स्लिपा लावत होतो. यादी भागाप्रमाणे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला रबर, वर चिठ्ठी: अमुक वाडा, तमुक सोसायटी, बोळातली चार घरं. नऊच्या सुमाराला भाऊंचा फोन आला. भाऊ म्हणजे आमच्या भागाचे प्रमुख. तिकीट त्यांना हवं होतं, मिळालं बाहेरून आलेल्याला. म्हणाले, "अरे, स्लिपा वाटायची घाई करू नकोस. पोरं दमलीत." एवढंच. कोणाचं नाव नाही, कोणाला पाडा नाही. पोरं दमलेली नव्हती. पण सगळ्यांना कळलं. एकाने उठून दिवा मालवला.

मतदानाच्या दिवशी टेबल लागलं, खुर्च्या आल्या, पोहे आले. नियम म्हणून पक्षाचा झेंडाही होता. याद्या आल्या नाहीत. सकाळी नवाला एक आजी आल्या, काठी टेकत. "माझा नंबर काढ रे बाबा." दर निवडणुकीला त्या पहिल्या स्लिप आमच्याकडूनच घ्यायच्या. मी म्हटलं, "आजी, आज यादी आली नाही, आतच विचारा." गठ्ठा मंडळाच्या कपाटात होता, वीस पावलांवर. आजी आत गेल्या की घरी गेल्या, मी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहायचं टाळलं.

उमेदवार पडला. आठवड्याने तो आमच्याकडे आला, मिसळ खाल्ली, पाव दुसऱ्यांदा मागून घेतला आणि म्हणाला, "तुमच्या भागात काय झालं?" मी सांगितलं, सोसायट्यांतले लोक बाहेर पडले नाहीत. हे वाक्य पुण्यात कधीही खोटं ठरत नाही.

म्हणून ओळखायचं कसं याचं उत्तर: भाषणं ऐकू नका, खुर्च्या मोजू नका. शेवटच्या दोन दिवसांत घरोघर कोण फिरतंय ते बघा. दुपारी तीननंतर न आलेल्या मतदारांच्या दारावर कोण टकटक करतंय ते बघा. पाच वाजता बूथवर कोण आहे ते बघा.

चार सदस्यांच्या प्रभागात तर एकाच मतदाराकडून दोन पक्षांना मतं मागतात म्हणे?

हो, आणि यात कौशल्य आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीपासून पुण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाले. अ, ब, क, ड अशा चार जागा, मतदाराला चार मतं. कागदावर पॅनेल एकत्र लढतं. प्रत्यक्षात 'क' मधला उमेदवार शेवटच्या रात्री सोसायटीच्या चेअरमनना म्हणतो, "मला एक द्या, बाकीचं तुमचं तुम्ही बघा." या वाक्यात त्याने आपल्याच पॅनेलच्या तिघांना वाऱ्यावर सोडलेलं असतं, आणि आवाजात नुसती नम्रता असते. समोरच्या पॅनेलमधला त्याचा मित्रही तिकडे हेच बोलत असतो. त्या दोघांच्या बायका एकाच भिशीत असल्या तर प्रश्नच मिटला.

मुलगा एका पक्षात, वडील दुसऱ्या. वडिलांनी कोणाचा प्रचार करायचा?

आपल्याकडे याला शंभर उत्तरं आहेत. राधाकृष्ण विखे-पाटील २०१९ साली विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते. मार्चमध्ये चिरंजीव सुजय भाजपमध्ये गेले आणि नगरमधून उभे राहिले, समोर मित्रपक्ष राष्ट्रवादीचा उमेदवार. राधाकृष्ण मित्रपक्षासाठी फिरले नाहीत. पद सोडलं, आणि जूनमध्ये भाजप सरकारात मंत्री झाले. चार महिन्यांत वर्तुळ पूर्ण.

विधान परिषदेच्या नाशिक पदवीधर मतदारसंघाची २०२३ ची गोष्ट याहून सुरेख. काँग्रेसने सुधीर तांबे यांना एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, दिला. त्यांनी अर्ज भरलाच नाही. चिरंजीव सत्यजीत यांनी अपक्ष भरला. तीन वाजता अर्जाची मुदत संपल्यावर पक्षाकडे दुसरा उमेदवार देण्याचा मार्गच उरला नाही. सुधीर तांबे निलंबित, सत्यजीत विजयी, आणि मामा बाळासाहेब थोरात काँग्रेसचे विधिमंडळ नेते! थोरातांनी पुढे त्या पदाचा राजीनामा दिला.

या सगळ्यांत मला एकच माणूस दिसतो: काँग्रेसचा नाशिक जिल्ह्यातला तो कार्यकर्ता, ज्याने आदल्या रात्रीपर्यंत पदवीधरांची नोंदणी केली असेल आणि दुपारी तीनला ज्याला कळलं असेल की आपण कोणासाठी केली ते ठरायचंच बाकी आहे.

पुण्यात हे नवीन आहे का?

छे. पुण्याने हे फार आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर पाहिलंय.

१९९८ च्या लोकसभेला सुरेश कलमाडी काँग्रेसविरुद्ध अपक्ष उभे राहिले, पाठिंबा भाजप-शिवसेनेचा. दोनच वर्षांपूर्वी, १९९६ ला, याच लोकांनी कलमाडींना पाडायला घाम गाळला होता. आता त्यांचाच प्रचार करायचा. आमच्या गल्लीतल्या एका जुन्या स्वयंसेवकाने तेव्हा तोंडातून शब्द न काढता पत्रकं वाटली होती; विचारलं तर म्हणाला, "आदेश आहे." निवडून आले काँग्रेसचे विठ्ठल तुपे. २००४ साली कलमाडी काँग्रेसचेच खासदार म्हणून परत दिल्लीला गेले आणि ते पत्रकवाले काका परत त्यांच्याविरुद्ध फिरले. काका तिन्ही वेळा निष्ठावान होते, हे विसरू नका.

२००७ ला महापालिकेत 'पुणे पॅटर्न' आला. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार, आणि पुण्यात काँग्रेसला बाजूला ठेवून राष्ट्रवादी, शिवसेना, भाजप एकत्र. महापौर राष्ट्रवादीच्या राजलक्ष्मी भोसले. मुंबईत मित्र, शिवाजीनगरला महापालिकेत शत्रू. त्यातून गल्लीतल्या कार्यकर्त्याने काय शिकायचं ते तो शिकलाच.

दुसऱ्या टोकाला मोहन धारिया. १९७१ साली काँग्रेसचे म्हणून पुण्यातून निवडून आले, केंद्रात मंत्री झाले. १९७५ च्या मार्चमध्ये जयप्रकाश नारायण यांच्याशी बोलणी करा, असं उघडपणे म्हणाले आणि मंत्रिपद गेलं. १९७७ ला जनता पक्षाकडून पुण्यातूनच जिंकले. बंड यालाही म्हणतात. फरक इतकाच की ते सगळ्यांदेखत झालं आणि पद गेल्यावर झालं नाही, पद असताना झालं.

मित्रपक्षाचा उमेदवार मला अजिबात पसंत नाही. काम केलं नाही तर मी गद्दार का?

युतीत हा प्रश्न सगळ्यात जास्त कुरतडतो, कारण काल ज्याच्या डोक्यावर खापर फोडत होतो त्याच्या नावाने आज घोषणा द्यायची असते. २०२४ ला बारामतीत हेच दिसलं. पुरंदरचे विजय शिवतारे शिंदेंच्या शिवसेनेचे, आणि युतीत जागा अजित पवारांकडे. शिवतारेंनी आपण उभं राहणार असं जाहीर केलं, गावोगाव फिरले आणि मार्च संपता संपता माघार घेतली. पुढाऱ्याला माघार घेता येते. त्याच्या शब्दावर महिनाभर गावात भांडणं ओढवून घेतलेल्या पोराला घेता येत नाही.

आणि कधीकधी अख्खा पक्षच बाजू बदलतो. मनसेने २०१९ च्या लोकसभेला एकही उमेदवार न देता मोदी-शहांविरुद्ध सभा घेतल्या. २०२४ च्या गुढीपाडव्याला त्याच पक्षाने महायुतीला बिनशर्त पाठिंबा दिला. मधल्या पाच वर्षांत झेंडा लावणारा पोरगा तोच होता. त्याला गद्दार म्हणायचं की निष्ठावान, हे तारखेवर ठरतं.

तेव्हा माझं उत्तर: काम करायचं नसेल तर अध्यक्षांना जाऊन सांगा की मी या वेळी घरी बसतोय. घरी बसणं ही गद्दारी नाही. टेबलावर बसून यादी कपाटात ठेवणं ही आहे. मी केलंय, म्हणून अधिकाराने सांगतो.

मैत्रीपूर्ण लढत म्हणजे?

जागावाटप जमलं नाही, याचं प्रसिद्धिपत्रकातलं नाव.

मी नुसता मतदार आहे, पदाधिकारी नाही. दर वेळी एकाच पक्षाला मत दिलं नाही तर?

काहीही होत नाही. तुमचं मत गुप्त आहे आणि ते कोणाला दिलं हे सांगायची सक्ती कोर्टातसुद्धा करता येत नाही. कसब्याने १९९५ पासून भाजपला निवडून दिलं, २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर आणले, २०२४ ला भाजपचे हेमंत रासने. लोक तेच, घरं तीच. ते धंगेकरही आता शिंदेंच्या शिवसेनेत आहेत.

आमचे नेते तिकडे गेले. मी त्यांच्या मागे जायचं की पक्षात राहायचं?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा आधीच ठरवून आलेला असतो. त्याला फक्त कोणीतरी "जा" म्हणायला हवं असतं. मी म्हणत नाही. एवढंच विचारतो: नेत्यांनी जाताना तुला विचारलं होतं का? तिकडे गेल्यावर तिकडचा जुना कार्यकर्ता तुला बूथवर खुर्ची देणार आहे का? तो तुझ्याविरुद्ध पंधरा वर्षं स्लिपा वाटत आलाय. नेत्याला तिथे समिती मिळेल, महामंडळ मिळेल. आमच्या भाऊंनाही मिळालं, पुढच्याच वर्षी, समोरच्या बाजूकडून. मला त्यांनी सत्काराला बोलावलं होतं.

जुन्या पक्षाची उपरणी घरात पडली आहेत, त्यांचं काय करू?

हसू नका, हे खरंच विचारतात. माझ्याकडे तीन पक्षांची मिळून अकरा निघाली. बायको म्हणाली, फडकी करू. पण ही सगळी सॅटिनची असतात, पाणी ओढत नाहीत. ओटा नुसता सारवल्यासारखा होतो.